घोडा ओढून मारलं तर सगळ्या उडतात, नुसत्या चापावर ‘टक’

तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नुसता चाप ओढला तर सहापैकी एकदोन गोळ्या उडत नाहीत, पण घोडा अंगठ्याने मागे ओढून मारलं की सगळ्या उडतात, हे तुमचं वाचलं आणि माझेच दिवस आठवले. (घोडा म्हणजे मागची ठोकणी, बोटाखाली असतो तो चाप. लोक सर्रास ‘घोडा दाबला’ म्हणतात आणि घोळ होतो.)

सिंगल, डबल ॲक्शन तुम्हाला ठाऊक आहेच. डबलमध्ये चाप एका ओढीत सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं नळकांडं) फिरवतो, घोडा मागे नेतो आणि सोडतोही, म्हणून ती ओढ साधारण 10-12 पौंडांची. सिंगलमध्ये घोडा अंगठ्याने आधीच मागे ओढलेला असतो, म्हणून 3-4 पौंड पुरतात. मला ती जड ओढ खुपायची. मुठीची लाकडं काढली, तर पुढच्या अंगाला मेनस्प्रिंगच्या (घोड्याला जोर देणाऱ्या मुख्य स्प्रिंगच्या) पात्यावर टेकलेला स्क्रू दिसला. दिला दीड फेरा ढिला. चाप एकदम मऊ! आणि पुढच्याच सरावात ‘टक’. काडतूस काढून पाहिलं, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची, ठोका बसताच पेटणारी टिकली) जेमतेम खळगा.

गोम अशी, की बऱ्याच मॉडेलांत चापाने ओढलेला घोडा अंगठ्याने ओढलेल्याइतका मागे जातच नाही, जरा आधी सुटतो. ठोका मुळातच हलका, त्यात मी स्प्रिंग सैल केलेली.

स्क्रूचं लाजेपोटी सर्व्हिस सेंटरला सांगितलं नाही, ही माझी चूक. पण त्यांनी तरी काय करावं? कार्डावर ‘सिंगल ॲक्शन, 6 पैकी 6, दोष नाही’. तक्रार डबलची, असं मी ठळक लिहून दिलं होतं हो! परत पाठवलं, तोच शेरा. तीन महिने गेले.

तर तो स्क्रू पूर्ण आवळा. तो ओढ कमीजास्त करायला नाहीच, असं माझं ठाम मत. मी गनस्मिथ नाही, आणि कॉइल स्प्रिंगवाल्या मॉडेलात हा स्क्रू नसेलही. आवळूनही टक झालं तर मात्र स्वतः उघडू नका.

वर कुणीतरी ‘पाचच भरा’, म्हणजे घोड्याखालचं घर रिकामं ठेवा, म्हणालंय. तो नियम 1873च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीसारख्यांचा, ज्यांत घोड्याची पिन थेट प्रायमरवर टेकते. ट्रान्सफर बार (घोड्याचा ठोका पिनपर्यंत नेणारी मधली पट्टी) असेल तर चाप दाबल्याशिवाय ठोका पिनपर्यंत पोचत नाही. तुमच्या बिघाडाशी त्याचा काही संबंध नाही.

आणि टक झाल्यावर लगेच पुन्हा चाप ओढता ना? नका ओढू. नळी लक्ष्याकडेच ठेवून 30 सेकंद थांबा. सिलिंडर फिरला आणि ती गोळी उशिरा पेटली, तर ती तेव्हा नळीसमोर नसते.