डीपीवर मुलीचा चेहराच नाही

मुलगी सेल्फी काढते, पण कुणाला दाखवत नाही. ॲपमध्ये टाकून त्याचं कार्टून करते आणि तेच डीपीला लावते. तिला स्वतःच्या चेहऱ्याची लाज वाटते का? हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक अलीकडे वाढले आहेत. बहुतेकांना मी शेवटी ‘घाबरू नका’ असंच सांगते, पण मुलाशी बोलल्याशिवाय सांगत नाही. नुसतं कार्टून पाहून त्यामागचं कारण कळत नाही. सांगलीत माझ्याकडे आलेल्या नववीतल्या एका मुलीचा अनुभव त्यासाठीच लिहिते आहे, तिच्या आणि आईवडिलांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

आधी आई एकटीच आली. घरात दोन वेळा मोठं भांडण झालं होतं आणि फोन वडिलांच्या कपाटात कुलूपबंद होता. “आम्ही कधी तिला काही कमी केलं नाही मॅडम, मग हिला तोंड लपवावंसं का वाटतं?” असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर नवराबायकोचं जिब्ली शैलीतलं, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांसारखं, चित्र होतं. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवरून अशी चित्रं करायची लाट आली, तेव्हाचं. मी विचारलं, “हे तुम्ही का लावलंत?”

“सगळ्यांनी लावलं म्हणून. गोड दिसतं.”

“मग तिचंही कारण तेच असेल असं का वाटत नाही?”

त्यांनी थोडा विचार केला. “ती आधी खरे फोटो लावायची. गॅदरिंगनंतर एकदम बंद झालं.”

या एका वाक्याने पुढची दिशा मिळाली. मूल कार्टून करतं यापेक्षा त्याच्या वागण्यात बदल कधी झाला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि ते आईइतकं अचूक सहसा कुणी सांगू शकत नाही.

पुढच्या वेळी मुलगी आली, फोनसह. तासाभरासाठी तो तिला द्या, अशी विनंती मी केली होती. खुर्चीच्या कडेवर बसली, ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ एवढंच. मी म्हटलं, तुझी कार्टून्स बघायला आवडतील. तेव्हा पहिल्यांदा तिने मान वर केली. माझ्यासमोर बसून ओरडा न खाता ती दाखवता येतात, याचंच तिला आश्चर्य वाटलं असावं.

आम्ही सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नवं चित्र एकापाठोपाठ पाहिलं. जुन्यात चष्मा होता, हनुवटीवरचा लहानपणीच्या टाक्यांचा व्रण होता, रंग तिचाच होता. नव्यात चष्मा गेला, व्रण गेला, नाक म्हणजे नुसता ठिपका, आणि रंग इतका उजळ की शेजारी तिचा सेल्फी ठेवला तर दोन वेगळ्या मुली वाटाव्यात.

“मी नाही केलं. ॲपनेच केलं,” ती म्हणाली.

ते बऱ्याच अंशी खरं होतं. अशी ॲप्स फोटोतले डोळे, नाक, ओठ, जबडा यांच्या जागा हेरतात आणि आधी शिकवलेल्या लाखो चित्रांच्या आधारे नवा चेहरा काढतात. त्या चित्रांत गोरे, निमुळत्या हनुवटीचे, मोठ्या डोळ्यांचे चेहरे जास्त असतील, तर आपलाही चेहरा तिकडेच ओढला जातो. २०१७ साली फेसॲप या चेहरा बदलणाऱ्या ॲपच्या ‘हॉट’ फिल्टरवर याच कारणाने टीका झाली होती. चेहरा ‘आकर्षक’ करायचा म्हणजे तो त्वचा गोरी करायचा. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि शिकवणीच्या चित्रांतल्या पक्षपातामुळे हे झालं, असं सांगितलं. हे ऐकून ती सरळ बसली. सावळेपण हा दोष आहे असं यंत्राने ठरवलेलं नाही, ते माणसांनी त्याला पुरवलं आहे, हे मुलांना नीट समजावलं की पटकन कळतं.

मग मी विचारलं, “ॲपने बरीच चित्रं दिली असतील. त्यातलं हेच का घेतलंस?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग गॅदरिंगचं सांगितलं. नाचतानाचा तिचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर आला. तोंड उघडं, चष्मा घसरलेला. दोन मुलांनी तेवढाच चेहरा कापून त्याचं स्टिकर केलं. गृहपाठ विचारला की उत्तराला तिचा चेहरा, कुणी चुकलं की तिचा चेहरा. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. तिच्या मैत्रिणींनीही ते वापरलं.

“कार्टूनचं स्टिकर केलं तरी मला लागत नाही,” ती म्हणाली. “ते माझं तोंड नसतं ना.”

आईला वाटत होतं की मुलगी स्वतःला नाकारते आहे. मुलगी खरं तर स्वतःला वाचवत होती, आणि चौदा वर्षांच्या मुलीला एकटीला सुचेल असा तो सगळ्यात शहाणा उपाय होता. फोन काढून घेतल्यावर तेवढाही आडोसा गेला, आणि ग्रुपवर मागे काय चाललंय ते बघायची सोयही गेली.

पण रंगाचं आणि नाकाचं काय? ते घरातून आलं होतं. “उन्हात जाऊ नको, आहेस त्याहून काळी होशील” हे आजीचं रोजचं वाक्य, आणि आत्याने कौतुकाने ठेवलेलं ‘नकटी’ हे नाव. स्टिकर येईपर्यंत तिने ते मनावर घेतलं नव्हतं. स्टिकरनंतर सगळं एकत्र आलं.

नाकासाठी आम्ही एक प्रयोग केला. तिने हात थोडा लांब करून सेल्फी काढला. मग मी खोलीच्या दारापाशी जाऊन, झूम करून तिचा फोटो काढला. दोन्ही फोटोंत चेहरा एकाच मापाचा दिसेल असं केलं आणि नाकं ताडून पाहिली. ती मोठ्याने म्हणाली, “हे तर वेगळंच आहे!” २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं गणित मांडलं आहे: बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक खऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, पाच फुटांवरून जवळजवळ फरक पडत नाही. तिने बोटांनी झूम करत ते दोन फोटो कितीतरी वेळ पाहिले. ‘तू सुंदर आहेस गं’ हे तिने आईकडून शंभरदा ऐकलं असेल. त्याचा काही उपयोग झाला नव्हता, कारण आई असंच म्हणणार हे मुलांना माहीत असतं.

स्टिकरचा प्रश्न मात्र मुलीने ‘मनावर न घेऊन’ सुटणार नव्हता. ‘मुलांनी मस्करीच केली’ असं म्हणणाऱ्या मोठ्यांचा मला मनापासून राग येतो. तिची एकच अट होती, तिचं नाव वर्गात घ्यायचं नाही. वर्गशिक्षिकांनी ती पाळली. त्या दोन मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी वेगळं बोलल्या, आणि संमतीशिवाय कुणाच्या चेहऱ्याचं स्टिकर करायचं नाही, असा ग्रुपचा नियम केला. घरी आजीला आणि आत्याला थांबवायचं काम वडिलांनी अंगावर घेतलं. ते सोपं गेलं नाही, आत्या काही दिवस रुसल्याही.

इथे एक फरक सांगायला हवा. मूल आरशात पुन्हापुन्हा एकच ‘दोष’ तपासत असेल किंवा आरसाच टाळत असेल, ‘माझं नाक विचित्र दिसतं का’ हे दिवसातून कितीदा तरी विचारत असेल, लग्नकार्य, शाळा, मैत्रिणी सोडत असेल, जेवण कमी करत असेल, किंवा ॲपमधल्या चेहऱ्यासारखी शस्त्रक्रिया हवी म्हणत असेल, तर ते खूळ नव्हे. ती बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरची, म्हणजे दिसण्यातल्या ‘दोषा’ने मन व्यापून टाकणाऱ्या आजाराची, लक्षणं असू शकतात. हा आजार बहुधा किशोरवयातच सुरू होतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. लगेच शक्य नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. या मुलीत त्यातलं काही नव्हतं. ती जेवत होती, शाळेत जात होती, मैत्रिणींवर रुसली होती इतकंच.

शेवटच्या भेटीला वडील आले. “मग फोन परत द्यायचा का?” मी म्हटलं, द्या, आणि कार्टूनही करू द्या. फक्त ॲपला फोटोंची परवानगी देताना सगळी गॅलरी न देता निवडलेले फोटोच द्या, ही सेटिंग दोघांनी मिळून बघा. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू, मोठ्यांनाही. खरा फोटो कधी लावायचा हे तिला ठरवू द्या, त्याची आठवणसुद्धा करून देऊ नका. वडिलांना हे शेवटचं अवघड वाटलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.