सायकल शर्यतीत नाव एकाचंच होतं, मग टीममधले बाकीचे सात जण कशासाठी दमतात?

तुम्ही विचारलंय की टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीत एका टीमचे आठ जण उतरतात आणि जिंकतो एकच. मग उरलेले सात जण करतात काय, आणि स्वतः जिंकायचंच नसेल तर त्यांना वाईट वाटत नाही का?

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो. शर्यतीत कधी उतरलेलो नाही, पण गेली नऊ वर्षं सायकलवरचा रविवार चुकवलेला नाही आणि जुलैमधली टूरही नाही. एका वाक्यात सांगायचं तर ते सात जण लीडरच्या, म्हणजे ज्याला जिंकवायचं त्या एकाच्या, वाट्याचा वारा स्वतःच्या अंगावर घेतात.

हे मला टीव्ही बघून कळलं नाही, जालना रोडवर कळलं. आषाढातली गोष्ट. आम्ही सहा जण पहाटे जालन्याला निघालो. जाताना वारा पाठीशी, त्यामुळे सगळेच पैलवान. परत फिरलो आणि पश्चिमेचा वारा छातीवर आला. मी हट्टाने पुढे राहिलो. बदनापूरच्या मोसंबीच्या बागा मागे पडेपर्यंत मांड्या भरून आल्या, वेग १८ वर उतरला. आमच्यातले एक मामा आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते शेजारी आले आणि एवढंच म्हणाले, "मागं ये. माझ्या चाकाला चिकटून ऱ्हाय."

त्यांचं मागचं चाक आणि माझं पुढचं चाक, मध्ये दोन वितीचं अंतर. तिथे शिरलो आणि कानातला वाऱ्याचा घोंगावणारा आवाज एकदम उतरला. तासभर तो इतका कानात बसला होता की तो गेल्यावर मामांच्या चेनची टिकटिक ऐकू यायला लागली. सायकल तीच, थकलेले पाय तेच, आणि वेग २३. खड्डा आला की मामांचा डावा हात खाली यायचा, बोट रस्त्याकडे. करमाडपासून केंब्रिज चौकापर्यंत त्यांनी एकदाही मला पुढे ये म्हटलं नाही. थांबलो तेव्हा त्यांच्या काळ्या जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते, आणि मी अजून दहा किलोमीटर सहज गेलो असतो. माझे ते दहा किलोमीटर मामांच्या पायांतून आले होते.

आता हेच मोठ्या प्रमाणावर बघा. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. कुणाच्या तरी मागे लागलं की साधारण तिसरा हिस्सा ताकद वाचते, आणि घोळक्याच्या पोटात त्याहूनही जास्त. टूरमध्ये २१ टप्पे असतात, सव्वातीन ते साडेतीन हजार किलोमीटर, आणि मध्ये विश्रांतीचे दोनच दिवस. खरा निकाल बहुतेक वेळा डोंगरातल्या शेवटच्या चढांवर लागतो. त्या चढाच्या पायथ्याशी लीडर ताजातवाना पोचला पाहिजे, यासाठी बाकीच्यांचं सगळं चाललेलं असतं. आठही जणांनी आपापलं बघितलं तर आठही जण पायथ्याला दमलेलेच पोचतील.

या मदतनिसांना 'डोमेस्टिक' म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ घरगडी. टूर सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी १९११ मध्ये मॉरिस ब्रोको नावाच्या खेळाडूला हिणवायला हा शब्द वापरला, कारण तो दुसऱ्यांसाठी राबायला तयार होता. म्हणजे शिवी म्हणून आलेला शब्द पुढे पदाचं नाव झाला. मला यात आपला सालगडी दिसतो. पाडव्याला साल ठरतं तसे यांचेही करार ठरावीक मुदतीचे असतात, आणि चांगल्या सालगड्यावर अख्खं शेत निर्धास्त सोडता येतं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

कामं बरीच आहेत, पण पाण्याचं काम बघाच. एक जण घोळक्यातून मागे सरकतो, टीमच्या गाडीशी जातो आणि सात-आठ बाटल्या जर्सीत कोंबतो. पाठीला, छातीला, मानेखाली, जिथे जागा मिळेल तिथे. अंगावर साडेतीन-चार किलो ओझं घेऊन तो पुन्हा पूर्ण घोळका ओलांडत पुढे येतो आणि एकेकाच्या हातात बाटली देतो. घोळका त्याच्यासाठी थांबत नाही. उन्हाळ्याच्या दिवशी हे कितीदा तरी करावं लागतं. आपल्याकडे घागरी वाहिलेल्या माणसाला या कामाचं मोल वेगळं समजवायला नको.

दुसरं काम पुढे राहून ओढण्याचं. बेल्जियमच्या टिम डेक्लेर्कचं टोपणनावच 'ट्रॅक्टर' होतं. सकाळी काही जण निसटून पुढे गेले की हा घोळक्याच्या तोंडाशी येऊन बसायचा आणि त्यांना फार लांब जाऊ न देता तासन् तास एका लयीत ओढायचा. २०२१ च्या टूरमध्ये त्याच्या टीमच्या मार्क कॅव्हेंडिशने चार टप्पे जिंकले आणि एडी मर्क्सच्या ३४ टप्प्यांच्या विक्रमाची बरोबरी केली. त्याच टूरच्या अंतिम यादीत डेक्लेर्कचं नाव सगळ्यात शेवटी आहे. नुसती यादी वाचणाऱ्याला तो शेवटचा वाटेल. ज्याने टप्पे पाहिले त्याने त्याला रोज सगळ्यांच्या पुढे पाहिलं आहे.

चढावर वेग कमी, त्यामुळे मागे लागून मिळणारा आडोसा कमी कामाला येतो. तिथे मदतनीस वेग इतका कडक ठेवतो की प्रतिस्पर्ध्याला हल्ला करायला दमच उरू नये. २०२२ मध्ये ओताकामच्या चढावर वाउट वान आर्टने हे केलं. सकाळपासून पुढे निसटलेल्या गटात होता, आणि शेवटच्या चढावर लीडर योनास विंगेगार्ड जवळ येताच त्याच्यासाठी त्याने असा वेग धरला की प्रतिस्पर्धी तादेय पोगाचारची साथ सुटली. वान आर्टच्या अंगावर तेव्हा हिरवी जर्सी होती, गुणांच्या यादीत पहिला असलेल्याची, म्हणजे तो स्वतः काही लहान खेळाडू नव्हता.

आता वाईट वाटण्याबद्दल. वाटतं. १९३४ च्या टूरमध्ये फ्रान्सचा रने व्हिएतो फक्त २० वर्षांचा होता आणि डोंगरात भल्याभल्यांना मागे टाकत होता. पिरेनीजच्या डोंगरांत त्याच्या टीमचा लीडर, आंतोनँ मान्य नावाचा, पडला, त्याचं चाक मोडलं. व्हिएतोने स्वतःचं पुढचं चाक काढून त्याला दिलं आणि मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून राहिला. तो फोटो आजही लोक काढून बघतात. दुसऱ्या दिवशी मान्यची सायकल पुन्हा बिघडली. पुढे गेलेला व्हिएतो उलटा फिरून आला आणि या वेळी अख्खी सायकल देऊन टाकली. मान्यने टूर जिंकली, व्हिएतो पाचवा आला. टूर त्याला पुढे कधीच जिंकता आली नाही. ही गोष्ट मी किती वेळा वाचली असेल, त्या उलटं फिरण्यापाशी दरवेळी थांबतो. चाक देणं एका क्षणात होऊन जातं. जो रस्ता आपण कमावला तोच पुन्हा मागे कापत जायचं, तेही दुसऱ्यासाठी, याला फार मोठं मन लागतं.

पैशाचं म्हणाल तर बक्षीस टीममध्ये वाटून घ्यायची जुनी रीत आहे, शिवाय पगार असतोच. नाव असलेल्या मदतनिसाला टीम सहजासहजी सोडत नाहीत.

आणि कधी कधी तो जिंकतोही. अमेरिकेचा सेप कुस २०२३ मध्ये तिन्ही मोठ्या शर्यतींत उतरला. इटलीच्या जिरोमध्ये त्याने प्रिमोश रोग्लिचला मदत केली, टूरमध्ये विंगेगार्डला, आणि दोघंही जिंकले. मग स्पेनच्या व्हुएल्टात पहिल्या क्रमांकाची लाल जर्सी त्याच्याच अंगावर आली. आंग्लिरूच्या भयंकर चढावर त्याचेच दोन लीडर त्याला मागे टाकून निघून गेले. कुस दुसऱ्या टीमच्या मिकेल लांडाच्या चाकाला चिकटून वर पोचला, जर्सी वाचली ती फक्त ८ सेकंदांनी. माद्रिदला तो १७ सेकंदांनी जिंकला, विंगेगार्ड दुसरा, रोग्लिच तिसरा.

२०२५ ची व्हुएल्टा विंगेगार्डने जिंकली. त्या डोंगरांत त्याच्यापुढे वारा खात कुस होता.