सुरुवातीला सापडणारा बटरफ्रीसारखा कमजोर पोकेमॉन ऑनलाइन लढतीत चालेल का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की कॅटरपी हा अळीसारखा पोकेमॉन खेळाच्या सुरुवातीलाच सापडतो, लेव्हल 10 ला त्याचा बटरफ्री होतो, पण पुढे जो तो म्हणतो की काढून टाक. मग ऑनलाइन लढतीसाठी त्याला टीममध्ये ठेवायचा की नाही?

आधी स्टॅट्सची, म्हणजे ताकद, बचाव, वेग अशा गुणांच्या आकड्यांची, बेरीज बघणं सोडा. बटरफ्रीची बेरीज 395 आहे, कमीच आहे. पण 2014 ची पोकेमॉनची जागतिक स्पर्धा, जिथे एका वेळी दोन-दोन पोकेमॉन उतरतात, दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने जिंकली, त्याच्या टीममध्ये 405 बेरजेचा पाचिरिसू होता. तो 'फॉलो मी' लावून समोरचे वार स्वतःवर ओढायचा आणि विजेचा वार आला की 'व्होल्ट अ‍ॅब्झॉर्ब' या अंगच्या गुणामुळे उलट त्याचाच एचपी (जीव) वाढायचा. विजेने चौपट मार खाणारा ग्यारॅडोस शेजारी निर्धास्त उभा असायचा.

म्हणून मी दोनच गोष्टी बघतो. याला कोणतं काम इतरांपेक्षा चांगलं जमतं? आणि ते करेपर्यंत हा टिकतो का?

बटरफ्रीचं काम झोपवण्याचं. 'स्लीप पावडर' 75 टक्केच लागते, पण नेम सुधारणारा 'कंपाउंड आइज' हा गुण असेल तर 97.5 टक्के. समोरचा झोपला की 'क्विव्हर डान्स' करून स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड तिन्ही वाढवायचे. हे खरंच घातक आहे.

अडचण टिकण्याची. आमच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत पुतण्या घरातल्या कापसाच्या गंजीवर बसून मोबाइलवर लढत होता. म्हणाला, "काका, हे तं उतरल्या उतरल्याच मरते, काहून?" मी स्क्रीन पाहिली. समोरच्याने 'स्टेल्थ रॉक', म्हणजे मैदानात येणाऱ्या प्रत्येकाला लागणारे दगड, पसरून ठेवले होते. कीटक आणि उडता, दोन्ही प्रकारांना दगड जड, त्यामुळे मैदानात येताच अर्धा एचपी साफ. त्यात स्पीड 70, म्हणजे पुढचा वारही समोरच्याचाच आधी.

मी त्याला बटरफ्री पहिल्याच टर्नला, दगड पडायच्या आत, 'फोकस सॅश' ही वस्तू देऊन उतरवायला लावला. पूर्ण एचपीवर एक जबर वार बसला तरी 1 एचपी उरतो, आणि तेवढ्यात पावडर टाकता येते. गवत प्रकारावर मात्र ती टाकू नका, सहाव्या पिढीच्या खेळांपासून त्यांना पावडर लागतच नाही.

तरीही स्पष्ट सांगतो. तुमच्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे ज्या नियमांनी खेळता त्यात, व्हिव्हिलॉन हा पोकेमॉन चालत असेल तर तोच घ्या. तोही सुरुवातीचाच कीटक, पावडर, डान्स, कंपाउंड आइज सगळं तेच, पण स्पीड 89. शिवाय 70 टक्के लागणारं 'हरिकेन' हे वादळी अस्त्र त्याच्या हातून 91 टक्के लागतं. व्हिव्हिलॉन नसेल आणि खालच्या टिअरमध्ये (कमजोर पोकेमॉनच्या गटात) खेळत असाल, तर बटरफ्री जरूर ठेवा.

सरावासाठी शोडाउन ही पोकेमॉन लढतींची वेबसाइट फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालते. तिथे वीसेक लढती खेळा आणि बटरफ्रीने किती वेळा कुणाला झोपवलं, ते वहीत मांडत जा. किती लढती जिंकल्या ते तूर्त मोजू नका.