21 नंबरची गाडी कुणाची?

प्रश्न : माझा मुलगा मोबाईलवर नॅस्कारचा, म्हणजे अमेरिकेतल्या कार रेसचा, गेम खेळतो, त्यात त्याची ठरलेली गाडी म्हणजे 21 नंबरची लाल-पांढरी फोर्ड. ही टीम सगळ्यात जुनी आहे आणि पिट स्टॉप यांनीच शोधून काढला असं तो सांगतो. खरंय का हे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बरंचसं खरंय. टीमचं नाव वूड ब्रदर्स, 1950 पासून चालू, आणि नॅस्कार स्वतःच 1948 ची, त्यामुळे आज जेवढ्या टीम पळतायत त्यात एवढी जुनी दुसरी नाही. व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट या छोट्या गावातले पाच भाऊ. थोरला ग्लेन लाकडं कापायचा धंदा करायचा आणि गाडी पळवायचा, धाकट्या लेनर्डचं डोकं मशीनमध्ये. गाडी तेव्हापासून आजपर्यंत फोर्डच्याच घराण्यातली, हा हट्ट त्यांनी कधी सोडला नाही.

आता पिट स्टॉप. टायर बदलायला, पेट्रोल भरायला गाडी थांबायची हे आधीपासून होतंच, ते काही यांनी शोधलं नाही. पण तेव्हा गाडी थांबली की सगळा निवांत कारभार असायचा आणि यांच्या लक्षात आलं की ट्रॅकवर जी एक सेकंद काढायला इंजिनमध्ये जीव ओतावा लागतो ती इथे उभ्या उभ्या फुकट मिळतेय. मग कुणी कुठे उभं राहायचं, कुठला नट आधी, हे सगळं ठरवून घेतलं, लेनर्डने जॅकमध्येच बदल केले म्हणजे गाडी थोडक्या झटक्यात वर उचलली जाईल. 1965 ला फोर्डने यांना थेट इंडियानापोलिस 500 ला नेलं, जिम क्लार्क या ड्रायव्हरच्या लोटस गाडीसाठी, म्हणजे रेसच वेगळी, गाडीही वेगळी. तिथे दोन्ही थांबे मिळून पाऊण मिनिटसुद्धा लागलं नाही आणि क्लार्क जिंकला!

त्याच्या दोन वर्षं आधीचा किस्सा तर पिक्चरमध्ये दाखवला तर कोणी विश्वास ठेवणार नाही. 1963, डेटोना 500 या नॅस्कारच्या मोठ्या रेसच्या आधी यांचा ड्रायव्हर मार्विन पँच दुसऱ्याच एका मासेराटीची टेस्ट घेताना उलटला, गाडीने पेट घेतला, आणि ज्या लोकांनी धावत जाऊन त्याला बाहेर ओढलं त्यात टायनी लंड होता, नाव टायनी, म्हणजे इवलासा, पण माणूस चांगला आडदांड. पँचने हॉस्पिटलमधून सांगितलं, माझ्या जागी याला बसवा. बसवलं, आणि अख्खी 500 मैल एकाच टायरच्या सेटवर काढून, बाकीच्यांपेक्षा एक थांबा कमी घेऊन लंड जिंकला.

पुढे डेव्हिड पिअरसन आला तो यांचा खरा सुवर्णकाळ, 1973 ला 18 रेस पळाला त्यातल्या 11 जिंकला. 1976 च्या डेटोनाला शेवटच्या वळणावर तो आणि दुसऱ्या टीमचा ड्रायव्हर रिचर्ड पेटी एकमेकांवर आदळले, दोघांच्या गाड्यांचं पार खोबरं झालं, पण पिअरसनने त्या गडबडीतही क्लच दाबून इंजिन चालू ठेवलं आणि रखडत रखडत लाईन ओलांडली, पेटीची गाडी लाईनच्या अलीकडेच बंद पडली. गंमत बघा, पिअरसन आणि वूड ब्रदर्स ही जोडी 1979 ला डार्लिंग्टनच्या रेसला पिटमध्येच फुटली. टीमला चार टायर बदलायचे होते, पिअरसनला वाटलं दोनच, तो निघाला आणि डाव्या बाजूची चाकं निखळली. लगेच नातं संपलं.

मग बरीच वर्षं पडती गेली, मधे तर पैसे नसल्यामुळे सगळ्या रेससुद्धा पळवत नव्हते, त्यातच 2011 ला ट्रेव्हर बेन आदल्या दिवशी विसाचा झालेला आणि त्याने डेटोना 500 मारली.

तुमच्या मुलाला टीमच्या शंभराव्या विजयाचं विचारा, बहुतेक माहीत असेल. ऑगस्ट 2024, डेटोनालाच, हॅरिसन बर्टनने मिळवून दिला, त्याचाही तो पहिलाच विजय, वडील जेफ बर्टन टीव्हीवर कॉमेंट्री करत होते. आणि पुढच्या सीझनला तुझ्या जागी जॉश बेरी येणार हे हॅरिसनला आधीच कळलेलं होतं. टीमने तो निर्णय काही बदलला नाही. बेरीने मार्च 2025 मध्ये लास वेगासला 101 वा जिंकला.