सरावानंतर मूल रात्री दचकून उठतं, मग सराव बंद करायचा का?

"शाळेत भूकंपाचा सराव झाला की पोरगी रात्री दचकून उठते. बाईंना सांगून हे बंद करा ना." डहाणू-तलासरी भागातल्या एका आईचं हे म्हणणं. नोव्हेंबर 2018 पासून तिथे धक्क्यांची मालिका सुरू झाली, त्यामुळे काळजी साहजिकच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी तिसरीतली. घंटा झाली की बाकीची मुलं मैदानात, ही अंगणवाडीकडे धावायची आणि ओरडा खायची. चित्र काढायला दिलं तेव्हा तिने मैदानातली मुलं काढली, आणि कागदाच्या पार कोपऱ्यात एकटा धाकटा भाऊ. आई चिकूच्या वाडीत कामाला. अंगणवाडीतल्या या भावाला हीच सांभाळते. त्याला बाहेर कोण काढणार, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सराव बंद केला असता तर हा घोर तसाच राहिला असता. म्हणून अंगणवाडी सरावात घेतली. सेविका आणि मदतनीस चिमुकल्यांना त्याच मैदानात आणतात, आणि हजेरीआधी भावंडांना एकमेकांसमोर उभं करतात. हजेरीपटासोबत प्रत्येक मुलाला नेऊ शकणाऱ्या तीन मोठ्या माणसांची नावं आणि फोन नंबर असतात. मूल फक्त त्यांच्याच हाती. हे मुलांनाही माहीत हवं. "मला न्यायला कोण येणार" हा प्रश्न त्यांना फार छळतो.

बाकी चुका नेहमीच्याच. सुट्टीचीच घंटा वाजवली की मुलं थेट घरी पळतात. खूण वेगळी ठेवा. न सांगता सराव घेऊ नका: आधी समजावणं, मग घंटेविना सावकाश चालणं, त्यानंतर घंटा. हादरे चालू असताना धावायचं नाही, कारण दारात चेंगराचेंगरी होते आणि वरून कौलं पडतात. बाकं नसलेल्या वर्गात कपाट-खिडकीपासून दूर, आतल्या कोपऱ्यात गुडघ्यांवर वाकून डोकं-मान हातांनी झाकायची. बाईंनी मोठ्याने वीसपर्यंत मोजावं. धक्क्याला शेवट असतो हे मुलाला त्यातून कळतं. हादरे थांबल्यावर रांगेने बाहेर. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी गॅस बंद करूनच निघायचं. जमायची जागा भिंती, विजेच्या तारा आणि पाण्याच्या टाकीपासून लांब हवी.

या मुलीला भावाचा हात धरून रांगेत उभं राहायची मुभा दिली. हळूहळू झोप सुधारली. मात्र दचकणं, अंथरूण ओलं करणं, शाळा टाळणं महिनाभराहून जास्त चाललं, तर उपजिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. हा फोन मोफत आहे.