अंगणवाडीत नव्याने रुजू झालेल्या ताईंसाठी

“तुम्ही नुसतं खेळवता,” असं पालक म्हणतील. वाद घालू नका, नोंदवही उघडा. रोज दोनच मुलांची नोंद करा: तारीख, मुलाने काय केलं, त्याचे शब्द जसेच्या तसे. ‘हुशार’, ‘दंगेखोर’ असे शेरे मारलेत तर नोंद वाया जाते. महिनाभरात काय बदललं ते त्यातून दिसत नाही. ‘चिमटीत धरून पाच मणी ओवले’ असं लिहा. हीच चिमूट पुढे पेन्सिल धरते, हे पालकांना दाखवा. ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला उभं केलेलं बालशिक्षणाचं काम हा तुमचाच वारसा आहे. आणि नेमणूकपत्र, मानधनाच्या नोंदी जपा: अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा (सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा) हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे.