सुईण, दाई आणि मोहॉकांची येविरोग्वास

प्रश्न असा आला आहे: कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवर राहणाऱ्या मोहॉक लोकांमध्ये बाळंतपणाची त्यांची स्वतःची रीत पुन्हा उभी राहिली आहे, त्यावर एका वाचकाला मराठीत लिहायचं आहे. ‘मिडवाइफ’ला दाई म्हणावं, सुईण म्हणावं की सरकारी कागदांवरचं ‘प्रसाविका’ वापरावं? आणि खुद्द मोहॉक भाषेत शब्द कोणता?

सुईण म्हणा. दाई अजिबात नको. हिंदी मालिका आणि ‘दाई प्रशिक्षण’वाल्या सरकारी योजना यांनी मिळून दाई हा शब्द मराठीत इतका रुजवला आहे की शिकलेली माणसंही बिनदिक्कत ‘गावातली दाई’ लिहितात. अहो, दाई दूध पाजते! फारसी ‘दाया’ आणि संस्कृत ‘धात्री’ एकाच घरातल्या, दोघींचं मूळ चोखणं-पाजणं या अर्थाच्या धातूत. संभाजी महाराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ ही दाई. हिंदीत दाईपासून पोट लपत नाही म्हणतात, तिथे तो शब्द बाळंतपण करणारीकडे सरकला, तो त्यांचा व्यवहार. आपल्याकडे त्या कामाला चांगला शब्द असताना पाजणारीला सुईणीच्या पाटावर कशाला बसवायचं?

‘प्रसाविका’ तर मला सोसवतच नाही. ‘सहाय्यक परिचारिका प्रसाविका’ हे पदनाम आरोग्य खात्याच्या पाट्यांवर दिसतं. ते घडवणाऱ्यांनी प्रयोजकाचा विचार केला असणार, म्हणजे प्रसव करवणारी. पण ‘सू’ धातूला साधा कर्त्याचा प्रत्यय लावला तरी रूप तेच होतं, ‘प्रसाविका’, आणि मग अर्थ होतो प्रसवणारी, म्हणजे खुद्द आई! ज्या शब्दात बाळंतीण कोण आणि बाळंतपण करणारी कोण हेच कळत नाही, तो शब्द नेमक्या त्या खोलीत काय कामाचा?

सुईणही त्याच ‘सू’ची लेक. सूति, प्राकृतात सूइ, मग ईण. सुईशी तिचा काही संबंध नाही. नाळ सुईने टाचतात म्हणून सुईण, असं मी एका बारशात ठासून सांगितलेलं ऐकलं आहे. याच ‘सू’पासून सूतक. संस्कृतात सूतक म्हणजे जन्माचं अशौच. मराठीने ते उचलून मरणाला दिलं आणि जन्मासाठी सोयर ठेवलं. ‘मला त्याचं सोयरसुतक नाही’ म्हणताना आपण सोयऱ्याधायऱ्यांबद्दल बोलत नसतो. त्याच्या घरी कोणी जन्मो की मरो, मला विटाळ लागत नाही, असं म्हणत असतो. कोकणात आणि गोव्यात सुईणीला वैजीण म्हणतात, म्हणजे वैद्यीणच. माझ्या आजोळी अशी एक वैजीण येई. दारातून आत आल्यावर ती आधी चुलीवरचं पाणी बघायची, मग बाजेखालची शेगडी, मग बाळाच्या बेंबीवरून अंगठा फिरवायची आणि सगळ्यांत शेवटी बाळंतिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, ‘सुटलीस गो बाय, हातीपायी सुटलीस.’ बारशाला तिला लुगडं आणि सूपभर तांदूळ मिळत. तिला अडाणी म्हणणारी माणसं पुढे शहरात भेटली.

इंग्रजी ‘मिडवाइफ’बद्दल एवढंच की ‘मिड’ म्हणजे मधली नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘मिड’ म्हणजे सोबत, जर्मनमध्ये अजून ‘मिट’ आहे, आणि ‘वाइफ’ म्हणजे कोणतीही बाई. बाळंतिणीसोबत असणारी बाई. ‘मध्यस्थ स्त्री’ असं भाषांतर मी छापलेलं पाहिलं आहे, ते कृपया कोणी पुढे चालवू नये.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो तो शब्द: येविरोग्वास. (ते लिहिताना क लिहितात, बोलताना स्वराआधी आणि व-आधी ग होतो, अक्वेसास्ने हे त्यांचं सीमेवरचं गावही तोंडी अग्वेसास्नेच.) ‘ये’ म्हणजे ती. ‘विर’ म्हणजे बाळ; सुटं नाम ‘ओवीरा’. ‘ओक्व’ म्हणजे पाण्यातून, ओल्यातून बाहेर काढणं. शेवटचा प्रत्यय सांगतो की हे काम ती नेहमी करते. चार तुकडे मिळून पूर्ण वाक्य झालं: ती बाळांना ओल्यातून बाहेर काढत असते. हेच वाक्य मोहॉकमध्ये त्या बाईचं नाव आहे. आपण कामकऱ्याचं नाव विचारलं की नाम हाती देतो, मोहॉक भाषा चालतंबोलतं क्रियापद हाती देते.

त्यातल्या ‘ये’कडे नीट बघा. ‘ती’साठी जो प्रत्यय, तोच ‘कोणीतरी’साठी. माणूस कोण हे ठरलेलं नसेल तर मोहॉक भाषा त्याला आपसूक बाईच्या रूपात बसवते. आपण ‘जो येईल तो जेवेल’ म्हणतो, त्यांच्याकडे जी येईल ती. कूळ आईकडून मोजणाऱ्या, मूल आईच्या अस्वल, लांडगा किंवा कासव कुळात घालणाऱ्या समाजाच्या व्याकरणात हे असावं, यात मला फार मोठा आनंद आहे.

अक्वेसास्नेच्या सुईण कात्सी कुक हा शब्द उलगडताना सांगतात की ती बाळाला जमिनीतून, पाण्यातून, काळोख्या ओल्या जागेतून ओढून काढते. इंग्रजीत लिहिणारे कित्येक जण मात्र ‘बाळ झेलणारी’ असं करून मोकळे होतात, कारण इंग्रजी बोलणाऱ्या सुइणी ‘बाळ झेललं’ म्हणतात. हे मला मुळीच पटत नाही, आणि का ते सविस्तर सांगतो. मोहॉक आणि त्यांच्या हौदेनोसौनी महासंघातल्या इतर राष्ट्रांची सृष्टिकथा अशी आहे: वरच्या जगातून एक गर्भार बाई खाली पडली. खाली सगळं पाणीच पाणी. पाणपक्ष्यांनी तिला पंखांवर झेललं आणि कासवाच्या पाठीवर ठेवलं. मग पाण्याच्या तळाशी माती आहे का ते बघायला एकेक प्राणी बुडी मारून आला, आणि बहुतेक कथनांत मस्करॅट या उंदरासारख्या पाणप्राण्याच्या पंजात चिमूटभर चिखल निघाला. त्या चिखलाची जमीन झाली. तिथेच ती बाई बाळंत झाली, मुलगी झाली. पुढे त्या मुलीला जुळी झाली. एक रीतसर वाटेने आलं, दुसरं कुशीतून फाडून आलं आणि आई गेली. तिच्या देहातून मका, घेवडा, भोपळा उगवला.

आता सांगा, या कथेत झेलण्याचं काम कोणाचं? पक्ष्यांचं. आणि पाण्यातून काढण्याचं? मस्करॅटचं! शब्दात ‘ओक्व’ आहे. म्हणजे येविरोग्वासचं नातं पक्ष्यांशी नसून तळाशी बुडी मारणाऱ्या त्या छोट्या जिवाशी आहे. जमीन जशी पाण्यातून वर काढली, तसं बाळ. हा अर्थ माझा, कुणाच्या कोशात सापडणार नाही, पण शब्दाचा आणि कथेचा सांधा इतका घट्ट बसतो की ‘झेलणारी’ म्हणणाऱ्यांनी आधी तो तोडून दाखवावा. जर्मन सुईण ‘हेबामे’, तिच्यात ‘हेब’ म्हणजे उचलणं आहे आणि जुन्या रूपात आजीही आहे. डॅनिश ‘योर्डेमोर’मध्ये तर ‘योर्ड’ म्हणजे सरळ जमीन. उचलणं, जमीन, पाणी. झेलणं कुठेच नाही.

आणि ज्यांनी मला ‘विर’ पाहून तत्काळ लिहिलं की हा तर वेदातला ‘वीर’, म्हणजे पुत्र, म्हणून मोहॉक भाषा संस्कृतातून निघाली, त्यांना हात जोडून सांगतो: एका अक्षराचा आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही. मग ‘ओवीरा’त ज्ञानेश्वरांची ओवीही शोधा. मोहॉक ही इरोक्वॉय कुळातली भाषा, तिच्या बहिणी ओनायडा, ओनोंडागा, कयूगा, सेनेका. या बहिणींचं एक वैशिष्ट्य मला रात्री जागवतं: ओठ मिटून काढायचे आवाजच नाहीत. प नाही, ब नाही, म नाही. सतराव्या शतकात लाओंतां नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने याच कुळातल्या ह्युरॉन माणसाकडून ओष्ठ्य अक्षरं वदवून घ्यायला चार दिवस घालवले आणि हरला. माय, बाप, बाळ, भाऊ, मावशी, आत्याबाई, आपलं सगळं घर ओठांवर उभं, आणि जगभर असंच असतं म्हणतात. मोहॉक बाळ आईला ‘इस्ता’ म्हणतं. ओठ न मिटता.

अर्थात ‘मोहॉक’ हा शब्द मोहॉक भाषेचा असूच शकत नाही. पहिलंच अक्षर म! तो त्यांच्या शेजाऱ्यांनी, आल्गॉन्क्वियन भाषा बोलणाऱ्यांनी दिलेला, अर्थ ‘जिवंत खाणारे’. ते स्वतःला गान्येन्गेहागा म्हणतात, चकमकीच्या दगडाची माणसं. केशरचनेचं नाव म्हणून ‘मोहॉक’ मिरवणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. लेखात एकदा तरी खरं नाव लिहा.

बाळंतपणाकडे परत येतो. कात्सी कुक 1952 साली अक्वेसास्नेत जन्मल्या, आजीच्या हातून. आजी तिथली सुईणच. पुढच्या काळात बाळंतपणं दवाखान्यात गेली, तिथे मोहॉक बोलणारं कोणी नसे. कॅनडाच्या उत्तरेकडच्या दुर्गम वस्त्यांतल्या आदिवासी बायकांना तर 1960च्या दशकापासून दिवस भरत आले की विमानाने दक्षिणेच्या शहरात पाठवत, एकटीला, आठवडेच्या आठवडे. आपल्याकडे लेक माहेरी येते बाळंतपणाला. इथे माहेरातूनच उचलून परक्यांत नेत. 1980च्या दशकात कुक यांनी अक्वेसास्नेत आयांच्या दुधाची तपासणी सुरू करवली, कारण सेंट लॉरेन्स नदीकाठच्या जनरल मोटर्सच्या ओतशाळेतून पीसीबी नावाची विषारी रसायनं पाण्यात, माशांत आणि तिथून अंगावरच्या दुधात उतरण्याची भीती होती. स्त्री हेच पहिलं पर्यावरण, हे त्यांचं वाक्य तिथून आलं. पाण्यातून बाळ काढणारीने पाणी तपासायला घेतलं, यापेक्षा शब्दाला जागणं ते काय असतं!

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताने 1991मध्ये सुईणकामाचा कायदा केला, तो 1994च्या सुरुवातीपासून चालू झाला. त्यात आदिवासी सुइणींना आपल्या लोकांमध्ये आपल्या रीतीने काम करायची आणि ‘आदिवासी सुईण’ हे नाव लावायची मुभा वेगळी लिहिली आहे. म्हणजे शब्दालाच कायद्याचं संरक्षण. त्या आधारावर ओश्वेकनजवळ, सिक्स नेशन्सच्या, म्हणजे हौदेनोसौनींच्या सहा राष्ट्रांच्या, ग्रँड नदीवरच्या वस्तीत, 1996 साली जन्मघर उघडलं. त्याच्या नावात मोहॉक आणि कयूगा दोन्ही भाषा आहेत आणि मोहॉक भागाचा, ‘त्सी नोन्वे योन्नाकेरात्स्था’चा, अर्थ: जिथे ते जन्मतात ती जागा. तिथे नव्या सुइणीही तयार होतात.

आणि इथेच आपली मराठी उपयोगी पडते. ‘डॉक्टरांनी डिलिव्हरी केली’ हे दिवसातून दहादा ऐकून कान किटले आहेत. प्रसूती ही तासाभराची, दिवसाची. ‘बाळंतपण’ मात्र सव्वा महिन्याचं, आणि ते बाळंतीण करत नाही, तिची आई करते, सासू करते, सुईण करते: ‘माझं पहिलं बाळंतपण मावशीने केलं.’ अंगाला तेल, शेक, धुरी, आळिवाची खीर, बाळाची टाळू भरणं, रात्रीचं जागणं, सगळं त्या एका क्रियापदात. ऑन्टारियोतल्या सुइणी गरोदरपणापासून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बाईला सांभाळतात. बेचाळीस दिवस, आपला सव्वा महिना आणि वर चार दिवस. इंग्रजीत त्यासाठी तीन-चार शब्द जोडावे लागतात.

तेव्हा लिहिताना ‘मोहॉक दाया प्रसूतिसेवा पुरवतात’ असं नको. असं लिहा: ‘गान्येन्गेहागा सुइणी आपल्या लेकीबाळींची बाळंतपणं करतात.’ आणि पहिल्यांदा शब्द येईल तिथे येविरोग्वास तसाच ठेवा, अर्थासकट, आणि तो देताना झेलणारी नाही, ओल्यातून काढणारी.